घोड्याची परीक्षा : भोवऱ्यापासून रक्ताच्या थेंबापर्यंत



मार्गशीर्ष लागला की आपल्या भागातल्या माणसांचे पाय तापीकाठच्या सारंगखेड्याकडे वळतात. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजारही भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशी नाना जातींची जनावरे लांबलांबून येतात. कळसाडीसारख्या गावातून कोणी घोडा घ्यायला जातो, कोणी विकायला, तर कोणी नुसता बघायला. आपल्या जिल्ह्यात घोडा ही काही केवळ हौसेची वस्तू नाही. वरातीच्या घोडीवर एखाद्या घरचे पोट चालते. सातपुड्याच्या वाटांवर तट्टू ओझी वाहते. आपले ठेलारी बांधव मेंढरे घेऊन निघतात, तेव्हा त्यांचा अवघा संसार घोड्याच्या पाठीवर असतो.

आता बाजारात घोडा कसा पाहतात ते आठवा. कपाळावरचा भोवरा पाहतात. रंग पाहतात. तोंड उघडून दात मोजतात. दोन पावले चालवून चाल बघतात. मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. घोडा घरी येतो, आपल्या बैलांशेजारी, म्हशीशेजारी बांधला जातो आणि घरातली पोरे त्याला हाताने चारा घालतात. या घोड्याच्या रक्तात काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

या पत्रकात त्याच प्रश्नाची हकीकत सांगायची आहे. मुक्या घोड्याला काय झाले आहे हे माणूस कसे ओळखू लागला, त्याला किती वर्षे लागली, आणि त्यातले किती काम आपल्या देशात, आपल्या पुण्या-मुंबईत झाले, ते पाहू. शेवटी आपल्याला काय करायचे तेही पाहू.

जुनी परीक्षा : डोळा, हात आणि कान

आपल्या देशात अश्वविद्या फार जुनी. शालिहोत्र हे नाव घोड्यांच्या वैद्यकाशी हजारो वर्षे जोडलेले आहे. हे नाव इतके रुजले की पुढे घोड्यांच्या देशी वैद्यालाच लोक सलोतरी म्हणू लागले. मराठ्यांच्या पागेत हजारो घोडी होती. मोतद्दार रोज खरारा करायचा, नालबंद टाप पाहायचा. जनावराने तोबरा अर्धा टाकला तर ते त्याच दिवशी कळायचे. घोडा हेच बळ होते, त्यामुळे नजर तयार होती.

या जुन्या परीक्षेत दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक शुभ-अशुभाची, म्हणजे भोवरा कुठे, खूण कुठली, कोणता पाय पांढरा. तिचा घोड्याच्या तब्येतीशी काही संबंध नाही. भोवरा म्हणजे केसांची वाढ. तो जन्मापासून असतो आणि रोगाबद्दल काही सांगत नाही. दुसरी गोष्ट मात्र खरी अनुभवाची होती. दातांवरून वय काढायचे, लिदीवरून पोट ओळखायचे, टापेला हात लावून ऊब पाहायची. पाचव्या वर्षी घोड्याचे पुढचे सगळे दुधाचे दात जाऊन कायमचे दात पूर्ण येतात, हे आजही तसेच आहे आणि आजचा डॉक्टरही तोंड उघडूनच पाहतो.

पुढे या नजरेला साधनांची जोड मिळाली. १८१६ मध्ये फ्रान्समध्ये लेनेक नावाच्या डॉक्टराने छातीचा आवाज ऐकण्यासाठी नळी वापरली. तीच पुढे सुधारत आजची डॉक्टरांची स्टेथोस्कोप झाली. घोड्याच्या पोटशूळात ती आजही फार उपयोगाची. निरोगी घोड्याचे पोट सतत गुडगुडत असते. पोट एकदम गप्प झाले तर समजावे की दुखणे गंभीर आहे. १८६० नंतरच्या दशकात हातभर लांबीचा तापमापक बोटभर झाला आणि ताप आकड्यात मोजता येऊ लागला.

हे आकडे तुम्हीही पाठ करून ठेवा. मोठा घोडा आरामात उभा असताना त्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ पडते. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला बोट ठेवले की ती लागते. श्वास मिनिटाला ८ ते १६. गुदद्वारात तापमापक ठेवून घेतलेले तापमान साधारण ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइट. हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. ही परीक्षा फुकट आहे, घरच्या घरी होते, आणि डॉक्टरांना फोन करताना हे चार आकडे सांगितले तर निम्मे काम तिथेच होते.

पण डोळा, हात आणि कान यांची धाव एवढीच. घोडा खंगत चालला आहे हे दिसते. कशाने खंगतो ते दिसत नाही. ते दिसायला सूक्ष्मदर्शक यंत्र यावे लागले.

१८८० : रक्तात वळवळणारा जंतू

त्या काळी पंजाबच्या सरहद्दीवर घोडे आणि उंट एका आजाराने झुरून मरत. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. पोटाखाली आणि पायांवर सूज चढायची. जनावर चारा खायचे, तरी हाडाला कातडी चिकटायची. तिथले लोक या आजाराला सुर्रा म्हणत. कुजलेले, सडलेले असा त्या शब्दाचा अर्थ. आपण त्याला सर्रा म्हणतो.

ग्रिफिथ इव्हान्स नावाचा सैन्यातला पशुवैद्य १८८० मध्ये डेरा इस्माइलखान येथे या आजाराच्या तपासासाठी गेला. त्याने आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रक्तपेशींना ढकलत, सापासारखा वळवळत जाणारा एक बारीक जंतू त्याला दिसला. पुढे त्याने आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावरांना टोचून पाहिले. त्यांनाही तोच आजार झाला आणि त्यांच्याही रक्तात तोच जंतू सापडला. एवढ्यावर ते सगळ्यांनी मान्य केले असे नाही. इतका बारीक जीव एवढ्या मोठ्या घोड्याला मारू शकतो, हे मानायला त्या काळचे पुष्कळ जाणकार तयार नव्हते. पण काळाने इव्हान्सचे म्हणणे खरे ठरवले. त्या जंतूला आज ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय असे त्याचेच नाव आहे. या जातीच्या जंतूंपैकी रोगाचे कारण म्हणून सिद्ध झालेला हा जगातला पहिला जंतू, आणि तो हिंदुस्थानातल्या घोड्या-उंटांच्या रक्तात सापडला.

हा आजार पसरतो कसा? लोक माशीवर बोट दाखवत होते. १९०१ मध्ये लेनर्ड रॉजर्स याने प्रयोग करून दाखवले की मोठी चावरी माशी, जिला आपण डांस किंवा घोडमाशी म्हणतो, ती आजारी जनावराचे रक्त पिताना उठून लगेच दुसऱ्याला चावली, तर सोंडेवरच्या रक्तातून जंतू पसरतो. म्हणून पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना, माश्या वाढल्या की सर्रा वाढतो. गाई-म्हशींच्या अंगात हा जंतू पुष्कळदा काही न दाखवता राहतो. तोच घोड्याच्या अंगात गेला की घोडा खंगतो.

मुंबई आणि पुणे : परीक्षेची शाळा

या कामात आपला महाराष्ट्र लवकर आला. मुंबईत परळला जनावरांसाठी बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. महाविद्यालय सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८८५ मध्ये, त्यांनी ब्रह्मदेशात सैन्याच्या खेचरांमधला असाच येणारा-जाणारा ताप तपासला होता आणि त्यांच्या रक्तात इव्हान्सचाच जंतू पाहिला होता. काचेखाली रक्त पाहिलेला माणूस मुंबईत शिकवू लागला.

पुढचे पाऊल पुण्यात पडले. १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, जनावरांच्या रोगजंतूंचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. घोड्यांच्या सर्रा रोगावर त्यांनी मोठे काम केले. पण भरवस्तीच्या शहरात भयंकर रोगांचे जंतू बाळगणे धोक्याचे, आणि उष्ण हवाही त्या कामाला सोयीची नव्हती. म्हणून १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आज तिचाच विस्तार म्हणजे उत्तर प्रदेशात इज्जतनगरला असलेली भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था. देशभर जनावरांना टोचल्या जाणाऱ्या कितीतरी लशींचे मूळ या संस्थेत आहे. तिचा पाया पुण्यात घातला गेला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

ग्लँडर्स : घोड्याकडून माणसाला

सर्रा घोड्याला मारतो. ग्लँडर्स घोड्याला मारतो आणि घोड्याला सांभाळणाऱ्या माणसालाही मारतो. म्हणून त्याची हकीकत नीट लक्षात घ्या.

ग्लँडर्समध्ये घोड्याच्या नाकातून चिकट पिवळसर स्राव येतो, पुष्कळदा एकाच नाकपुडीतून. नाकाच्या आत जखमा होतात. जबड्याखाली गाठ येते. कधी पायावर, अंगावर माळेसारख्या गाठी उठतात आणि फुटतात. खेचर आणि गाढव लवकर मरते. घोडा मात्र कित्येक महिने वरवर बरा दिसत, काम करत राहू शकतो आणि तेवढ्या काळात दुसऱ्यांना रोग देत राहतो. एकाच हौदात पाणी, एकच तोबरा, एकच लगाम, एवढे त्याला पुरते.

१८८२ मध्ये बर्लिनमध्ये लोफ्लर आणि शुट्झ यांनी ग्लँडर्सचा जंतू शोधून काढला. पण वरून बऱ्या दिसणाऱ्या घोड्याच्या अंगात तो आहे की नाही, हे कसे ओळखायचे? १८९० च्या सुमारास रशियातल्या हेलमान आणि काल्निंग या दोन पशुवैद्यांनी त्याच जंतूंपासून मॅलीन नावाचे द्रव्य तयार केले. त्यात जिवंत जंतू नसतात. ते रोगी घोड्याला टोचले की सूज आणि ताप येतो. निरोगी घोड्याला काही होत नाही. पुढे खालच्या पापणीत अगदी थोडे मॅलीन टोचून दोन दिवसांनी डोळा पाहण्याची सोपी रीत बसली. डोळा सुजून पू आला तर घोडा रोगी. ज्या काल्निंगने ही परीक्षा शोधायला हातभार लावला, तो काम करता करता ग्लँडर्सची लागण होऊनच १८९१ मध्ये मेला. घोड्याची ही परीक्षा एका पशुवैद्याच्या प्राणाच्या मोलाने मिळालेली आहे.

हिंदुस्थानात १८९९ मध्ये ग्लँडर्सचा कायदा झाला. रोगी घोडा शोधायचा, त्याला वेगळा करायचा आणि मारायचा, कारण या रोगावर खात्रीचा इलाज नाही आणि लसही नाही. आजही नाही. घोडीला जोड दाखवताना पसरणाऱ्या डौरीन रोगासाठी १९१० मध्ये वेगळा कायदा झाला. इंग्लंडमध्ये हजारो घोडे ट्रामला, गाड्यांना, सैन्यात जुंपलेले होते आणि एकेका तबेल्यात ग्लँडर्स ठाण मांडून होता. तिथे परीक्षा करून रोगी घोडे नेमाने काढून टाकले. १९२८ पर्यंत तो देश ग्लँडर्सपासून मोकळा झाला. इलाज नसलेला रोग फक्त परीक्षेच्या जोरावर गेला. कोणाचा तरी घोडा गेला, कोणाचे तरी नुकसान झाले, यात शंका नाही. पण पुढच्या पिढ्यांचे घोडे वाचले, आणि मोतद्दारांची पोरे वाचली.

आपल्याकडे काय झाले? अनेक वर्षे ग्लँडर्स क्वचित कुठेतरी दिसे. लोक विसरले. मग २००६ मध्ये तो महाराष्ट्रात, पुणे-पाचगणी भागातल्या घोड्यांत पुन्हा उघड झाला. पाचगणीला पर्यटकांची मुले ज्या तट्टांवर बसतात, त्या तट्टांची ही गोष्ट. हरियाणातल्या हिस्सार येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात रक्ताचे नमुने तपासले गेले, रोगी जनावरे ओळखून काढून टाकली गेली. त्यानंतरही देशातल्या निरनिराळ्या राज्यांत हा रोग अधूनमधून डोके वर काढत आला आहे.

आता परीक्षेची रीत बदलली आहे. डोळ्यात टोचण्याऐवजी मुख्यतः रक्त घेतात. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते, त्याला रक्तजल म्हणतात. रोग अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती या रक्तजलात सापडतात. म्हणजे घोडा तोंडाने सांगत नाही, पण त्याच्या रक्तात नोंद झालेली असते. आधी एक चाळणी परीक्षा होते, मग संशयित नमुन्याची दुसरी पक्की परीक्षा. एकाच परीक्षेवर कोणाचा घोडा मारत नाहीत.

२००९ मध्ये जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा नवा केंद्रीय कायदा झाला आणि १८९९ चा जुना कायदा त्यात विलीन होऊन संपला. नव्या कायद्याप्रमाणे असा रोग आहे असे वाटले तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे असते आणि त्यांनी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला.

आता तुम्ही म्हणाल, “रक्त द्यायचे आणि घोडा गमवायचा, यापेक्षा गप्प बसलेले काय वाईट?” प्रश्न खरा आहे. वरातीची एक घोडी म्हणजे घरची भाकरी. ग्लँडर्स निघालेला घोडा मारावा लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. सरकारी योजनेत मालकाला भरपाईची तरतूद आहे; किती आणि कशी, ते आपल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे आधीच विचारून ठेवा. पण दुसरी बाजूही तोलून पाहा. गप्प बसलात तरी तो घोडा वाचत नाही. तो मरतो, पण मरण्याआधी शेजारच्या दावणीतली दोन जनावरे घेऊन जातो, आणि त्याचे नाक पुसणाऱ्या तुमच्या पोरालाही धोका होतो. आजारी घोडा बाजारात नेऊन विकला, तर हाच धोका आपण दुसऱ्याच्या घरी पाठवतो.

चंद्रपूरचा शेतकरी

रक्ताच्या थेंबाची किंमत सांगणारी एक हकीकत आपल्या महाराष्ट्रातली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. येई, उतरे, पुन्हा येई. असे पाच महिने चालले. अखेर २००४ मध्ये त्याचे रक्त काचेखाली पाहिले, तेव्हा त्यात इव्हान्सचा तोच वळवळणारा जंतू दिसला. घोडा, उंट आणि गाई-म्हशींचा सर्रा माणसाला झाल्याची ही जगात पहिली पक्की नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने औषध आणून त्याला देण्यात आले आणि तो बरा झाला. पुढे तपास केल्यावर कळले की साधारण माणसाच्या रक्तात या जंतूला मारणारे एक द्रव्य असते, ते या माणसाच्या रक्तात जन्मापासून नव्हते. गावातल्या इतर लोकांचीही तपासणी झाली. दुसऱ्या कोणाच्या रक्तात हा जंतू आढळला नाही.

तेव्हा सर्रा माणसाला सहज होतो असे समजून घाबरू नका. पण ध्यानात घ्या : पाच महिन्यांचा ताप कशाने आहे, हे शेवटी रक्ताच्या एका थेंबाने सांगितले. माणूस तरी “मला बरे वाटत नाही” म्हणतो. घोड्याला तेही म्हणता येत नाही.

हाडाचा फोटो आणि पोटातले शिंगरू

रोगजंतू सोडून दुसरी मोठी अडचण म्हणजे लंगडणे. जर्मनीत राँटजेन याने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, युरोपातल्या पशुवैद्यांनी घोड्याच्या पायाचे क्ष-किरण फोटो काढले. पहिले लक्ष पायाकडे जाणे साहजिकच होते. घोड्याचे सगळे मोल पायात. शिवाय टाप ही जाड कवचाची पेटी. तिच्या आत हाड सरकले की चिरले, हे वरून कळत नाही.

क्ष-किरणात हाड नीट दिसते, पण शीर, स्नायुबंध नीट दिसत नाहीत. ती उणीव सोनोग्राफीने भरून काढली. यात ध्वनिलहरी आत सोडून परत येणाऱ्या लहरींवरून चित्र काढतात. घोडीच्या गाभणपणाच्या तपासणीला ती १९८० मध्ये फ्रान्समध्ये प्रथम वापरली गेली. मागोमाग पायाच्या शिरा पाहण्यासाठीही तिचा उपयोग होऊ लागला. त्याआधी घोडी गाभण आहे का हे पाहायला डॉक्टर आत हात घालून चाचपत. १९३० मध्ये अमेरिकेत गाभण घोडीच्या रक्तातले एक खास द्रव्य सापडले आणि १९३४ मध्ये क्युबोनी याने घोडीच्या लघवीवरून परीक्षा काढली. पण ती चार महिने उलटल्यावरच उपयोगी पडते. सोनोग्राफीत जोड दाखवल्यावर साधारण १४ ते १६ दिवसांत कळते. जुळे असेल तर तेही त्याच वेळी दिसते. घोडीला जुळे पेलत नाही; बहुतेक वेळा गर्भ पडतो आणि घोडीचाही जीव धोक्यात येतो. लवकर कळले तर डॉक्टर एक गर्भ काढून दुसरा वाचवू शकतात.

परदेशात आता घोड्याला उभा ठेवून पायाचा एमआरआयसुद्धा काढतात. आपल्याला त्याची घाई नको. आपल्याकडच्या बहुतेक लंगडण्याचे कारण टापेतच असते : खिळा, खडा, चुकीचा नाल, आत धरलेला पू. आधी टाप साफ करून, दाबून, ऊब पाहून तपासा. तिथे काही न सापडले तर फोटोचा विचार करा.

आपण काय करावे

१. घोडा घेताना भोवरा नंतर पाहा, आधी नाक पाहा. दोन्ही नाकपुड्या, जबड्याखालची गाठ, पायांवरच्या गाठी नीट बघा. ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला मागा आणि त्यावरची तारीख वाचा.

२. नवा घोडा आणला की निदान तीन आठवडे बाकीच्या जनावरांपासून दूर बांधा. त्याचा हौद, तोबरा, खरारा वेगळा ठेवा. या काळात रक्त तपासून घ्या.

३. ताप येत-जात असेल तर ताप चढलेला असतानाच रक्त तपासा. सर्राचा जंतू रक्तात कधी दिसतो, कधी दिसत नाही. एकदा सापडला नाही म्हणजे रोग नाही असे समजू नका; डॉक्टर सांगतील तर पुन्हा द्या.

४. आधी रक्त, मग औषध. कोणाकडूनही इंजेक्शन टोचून घेतले आणि मग नमुना दिला, तर जंतू दडून बसतो आणि परीक्षा फसते. सर्रावर औषध आहे, पण त्याची मात्रा चुकली तर तेच औषध घोड्याला बाधते. ते डॉक्टरांच्याच हातून द्या.

५. नाकातून स्राव येणाऱ्या घोड्याला उघड्या हाताने हाताळू नका. नाकातोंडावर फडके बांधा, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. पोरांना जवळ जाऊ देऊ नका. त्याला घेऊन लग्नाला किंवा यात्रेला जाऊ नका.

६. पावसाळ्यात गोठ्याजवळ उकिरडा आणि साचलेले पाणी ठेवू नका. संध्याकाळी धूर करा. माश्या कमी तर सर्रा कमी.

७. संशय आला की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या फोन क्रमांकावर बोला. नमुना पुढे कुठे पाठवायचा, ते डॉक्टर पाहतील. तुमचे काम वेळेवर कळवण्याचे.

बंधू-भगिनींनो, इव्हान्सने डेरा इस्माइलखानला जे केले त्याला एक काच, एक थेंब रक्त आणि थोडा धीर लागला. आज तोच थेंब तपासायला आपल्याला सरहद्दीवर किंवा मुक्तेश्वरला जायचे नाही. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जायचे आहे. यंदा सारंगखेड्याला घोडा घ्यायला निघालात, तर भाव ठरवण्याआधी मालकाला एकच गोष्ट विचारा : “याचे रक्त कधी तपासले होते?” चार जणांनी हे विचारले, तर पुढच्या यात्रेला विकणारे दाखला घेऊनच येतील.